काळा घोडा आणि धान्याचा भाव: नगरमध्ये बसून ‘प्रकटीकरण’ वाचताना

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना प्रवासात ऐकता आलं नाही त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सावेडीहून बोलतोय. आज जरा वेगळा विषय घेतलाय, पण तो तुमच्या फोनमध्ये आधीच येऊन बसलेला आहे.

‘बायबलमध्ये लिहिलंय, 666 हा सैतानाचा आकडा आहे, तो बारकोडमध्ये लपवलाय.’ असा फॉरवर्ड तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी आलाच असेल. कोरोनाच्या काळात बारकोडची जागा लसीने घेतली. कुठे युद्ध पेटलं की ‘हर्मगिदोन’ शब्द फिरायला लागतो. कुठे टोळधाड आली की लगेच बायबलमधल्या टोळांचा उल्लेख. आणि खाली ठरलेली ओळ: जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

हे सगळं ज्या पुस्तकातून येतं ते म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, ‘प्रकटीकरण’. आजच्या भागात आपण ते इतिहासाच्या बाजूने वाचणार आहोत. ते कोणी, कोणत्या परिस्थितीत लिहिलं? त्यातले घोडे, श्वापदं, आकडे त्या काळच्या माणसाला काय सांगत होते? आणि आपल्या नगर जिल्ह्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा. आपण फक्त चित्रं समजून घेऊ.

नावापासून सुरुवात

इंग्रजीत ‘अपोकॅलिप्स’ म्हटलं की डोळ्यांपुढे हॉलिवूडचा सिनेमा येतो. इमारती कोसळतायत, समुद्र शहरात घुसतोय. पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ फार साधा आहे: झाकलेलं उघडं करणं, पडदा बाजूला सारणं. मराठीत या पुस्तकाला ‘प्रकटीकरण’ म्हणतात, आणि हे नाव मूळ अर्थाला अगदी धरून आहे. आपण गजानन महाराजांचा प्रकटदिन म्हणतो, देवी प्रकटली म्हणतो. प्रकट होणं म्हणजे संपणं नव्हे. जे आहेच, पण दिसत नव्हतं, ते दिसायला लागणं.

हा एक शब्द नीट धरला तर अर्धं कोडं सुटतं. हे पुस्तक ‘उद्या काय होणार’ यापेक्षा ‘आज तुमच्या डोळ्यांसमोर खरं काय चाललंय’ हे दाखवायला निघालेलं आहे.

पात्म बेटावरचा माणूस

काळ साधारण इ. स. 95 च्या आसपासचा. रोमचा सम्राट डोमिशियन. लिहिणारा स्वतःचं नाव योहान सांगतो आणि आपण पात्म नावाच्या बेटावर आहोत असं म्हणतो. परंपरेनुसार त्याला तिथे हद्दपार केलेलं होतं. समोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सात शहरं: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. तिथल्या छोट्या छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांना हे पत्र लिहिलेलं आहे. भविष्याचं पुस्तक म्हणून आपण ते हातात घेतो, पण ते मुळात खऱ्या शहरांतल्या खऱ्या माणसांना गेलेलं पत्र होतं.

त्या शहरांत काय चाललं होतं? सम्राटाची पूजा. पर्गममध्ये इ. स. पूर्व 29 मध्येच ऑगस्टसचं देऊळ उभं राहिलं होतं. इफिसमध्ये डोमिशियनच्या घराण्याचं नवंकोरं देऊळ झालं होतं. व्यापाऱ्यांच्या संघाच्या बैठकीत, सणाच्या मिरवणुकीत, बाजारात, सगळीकडे सम्राटाला मान द्यायचा. नाही दिला तर? दर वेळी तुरुंगच असं नाही. धंदा बसतो, लोक बाजूला टाकतात. आणि मागच्या पिढीच्या जखमा ओल्या होत्या. इ. स. 64 मध्ये रोमला आग लागली तेव्हा नीरोने ख्रिस्ती लोकांना दोषी ठरवून क्रूरपणे मारलं. इ. स. 70 मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं.

अशा वेळी सत्तेविरुद्ध थेट लिहिता येत नाही. मग चित्रांची भाषा येते. ही भाषा योहानाने शोधलेली नाही. त्याच्या अडीचशे वर्षं आधी, सीरियाचा राजा अंतियोख याने यहुदी मंदिर भ्रष्ट केलं त्या धामधुमीत, दानिएलाच्या पुस्तकात समुद्रातून वर येणारी चार श्वापदं दिसतात. ती चार राज्यं आहेत. योहान तीच चित्रं उचलतो आणि चारांचं मिळून एक श्वापद करतो. त्या काळचा वाचक लगेच ओळखणार की हे रोम आहे.

ज्यांना अजून शंका असेल त्यांच्यासाठी तो पत्ताही देतो. सतराव्या अध्यायात एक स्त्री सात डोंगरांवर बसलेली आहे. सात टेकड्यांचं शहर म्हणजे रोम, हे तेव्हा सर्वांना माहीत होतं. इ. स. 71 मध्ये सम्राट व्हेस्पासियनच्या नाण्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर ऐटीत बसलेली दाखवली होती. योहानाने जणू तेच नाणं हातात घेतलं आणि चित्र उलटं केलं. नाण्यावर देवी आहे, त्याच्या पानावर ती रक्ताने झिंगलेली बाई आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर सरकारी पोस्टरचा मीम.

इथे एक गोष्ट आजच्या वाचकाला खटकते आणि खटकायलाही हवी. सत्तेचा निषेध करताना तो वेश्येची उपमा वापरतो. चित्रांची भाषा धारदार असते, पण ती त्या काळच्या पूर्वग्रहांतूनही येते.

666 आणि 786

आता तो आकडा. आपल्याकडे रिक्षावर, दुकानाच्या गल्ल्यावर 786 लिहिलेलं असतं. नोटेच्या नंबरात 786 आला तर लोक ती नोट जपून ठेवतात. का? अरबी अक्षरांना संख्यांच्या किमती आहेत. ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज 786 होते. यात गूढ काही नाही, अक्षरांचा हिशोब आहे.

हिब्रूतही तसंच आहे. ‘नीरो कैसर’ हे नाव हिब्रू अक्षरांत लिहा. नीरोची अक्षरं 50, 200, 6, 50, म्हणजे 306. कैसरची 100, 60, 200, म्हणजे 360. बेरीज 666. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत आकडा 616 आहे. नीरोच्या नावाच्या शेवटी येणारा ‘न’ लॅटिन उच्चारात नसतो. तो काढला की 50 कमी होतात, आणि उरतात 616. दोन्ही आकडे एकाच माणसाकडे बोट दाखवतात, म्हणून बहुतेक अभ्यासक हा अर्थ मान्य करतात.

आणि ‘ती खूण असल्याशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही’ ही धमकी? सम्राटाचा चेहरा असलेली नाणी, सम्राटाला नैवेद्य दाखवल्याशिवाय प्रवेश न देणारे धंद्याचे संघ, हे सगळं त्या सात शहरांतल्या माणसाच्या रोजच्या अनुभवातलं होतं. बारकोडची त्याला गरज नव्हती.

काळा घोडा

आता माझ्या मते या पुस्तकातलं सर्वात महत्त्वाचं चित्र, आणि ते समजायला नगरकरांना वेगळा अभ्यास लागू नये.

सहाव्या अध्यायात सात शिक्के मारलेली गुंडाळी उघडली जाते. पहिले चार शिक्के फुटतात आणि चार घोडेस्वार निघतात. पांढऱ्या घोड्यावर धनुष्य घेतलेला विजेता. तांबड्या घोड्यावर तलवारवाला, म्हणजे युद्ध. तिसरा काळ्या घोड्यावर. त्याच्या हातात शस्त्र नाही, तराजू आहे. चौथा फिकट रंगाच्या घोड्यावर, त्याचं नावच मृत्यू.

तिसऱ्या स्वारासोबत चक्क बाजारभाव ऐकू येतो. एक माप गहू एका देनारियसला, तीन मापं जव एका देनारियसला, आणि तेल व द्राक्षारसाला धक्का लावू नका. देनारियस ही मजुराची एका दिवसाची मजुरी. ते माप साधारण लिटरभराचं, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य. दिवसभर राबून गहू घेतला तर फक्त स्वतःचं पोट भरेल. बायकोपोरांना जगवायचं तर जव खा. इतिहासकारांच्या हिशोबाने हा भाव नेहमीच्या आठ ते सोळा पट होता. आणि श्रीमंतांच्या बागायती मालाला, तेलाला, मद्याला मात्र संरक्षण.

हे हवेतलं चित्र नाही. इ. स. 92 च्या सुमारास त्याच भागात धान्यटंचाई होती. पिसिदियातल्या अंत्युखियात सापडलेल्या एका शिलालेखात रोमन अधिकाऱ्याने धान्याचा कमाल भाव ठरवून दिलेला आहे आणि साठे बाहेर काढायला सांगितलं आहे. त्याच सुमारास डोमिशियनने प्रांतांतले निम्मे द्राक्षमळे तोडण्याचा हुकूम काढला, कारण पैशाच्या पिकाखाली धान्याची जमीन जात होती. मळेवाल्यांचा विरोध झाला आणि हुकूम बारगळला. तेल-द्राक्षारसाला धक्का लावू नका!

आता आपल्याकडे या. 1630 ते 1632. निजामशाहीचा शेवटचा काळ, मुघल फौजा दख्खनमध्ये, त्यात पाऊस नाही. आधी फौजा, मग दुष्काळ, मग साथी. पांढरा, तांबडा, काळा, फिकट, त्याच क्रमाने. तुकाराम महाराजांची पहिली पत्नी याच दुष्काळात अन्नावाचून गेली.

पुढे 1875. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांचा राग कशावर होता? सावकाराच्या कागदांवर. खतं, रोखे जाळले गेले. आणि ही गोष्ट ऐका: इ. स. 66 मध्ये यरुशलेममध्ये रोमविरुद्ध बंड झालं तेव्हा बंडखोरांनी दफ्तरखाना पेटवून दिला, कर्जाचे कागद नष्ट व्हावेत म्हणून. इतिहासकार जोसेफसने हे नोंदवून ठेवलंय. अठराशे वर्षांचं अंतर, पण आग त्याच कागदांना.

उठावाच्या पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, मोठा दुष्काळ सुरू झाला. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, वर थोडे पैसे. दिवसभर खडी फोडायची आणि अर्ध्या किलोपेक्षाही कमी धान्य. दख्खनमधल्या मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आणि याच काळात देशातून गहू बाहेर जातच होता.

तराजू हातात घेतलेला स्वार यापेक्षा वेगळा काय दाखवतो? दुष्काळ म्हणजे फक्त पाऊस न पडणं नव्हे. दुष्काळ म्हणजे मजुरी आणि भाव यांचं गणित तुटणं. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये आपल्या पुस्तकात हेच सविस्तर मांडलं. 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी तुमच्या आजी-आजोबांकडून ऐका. सुकडी, लाल मिलो, खडीची कामं. त्या अनुभवातूनच पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला. म्हणजे काळा घोडा अडवता येतो. तो ग्रहताऱ्यांनी पाठवलेला नसतो, माणसांच्या निर्णयांवर बसून येतो.

रोमचा बाजार आणि नेवाशाची खापरं

अठराव्या अध्यायात ‘बाबेल’ नावाचं शहर कोसळतं. बाबेल म्हणजे इथे रोम. ते पडल्यावर कोण रडतं? व्यापारी आणि जहाजवाले. आणि योहान त्यांच्या मालाची यादीच देतो: सोनं, रत्नं, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, सुगंधी द्रव्यं, तेल, गहू, गुरं, घोडे... यादी अगदी शेवटी गुलामांवर येऊन थांबते. तो मुद्दाम आठवण करून देतो की ज्यांना तुम्ही माल म्हणता ती माणसं आहेत. पडदा बाजूला सारणं म्हणतात ते हे.

यादीतला बराच माल पूर्वेकडून जात होता. आपल्याकडूनही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात, तेरहून कापड. प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. इकडून माल गेला, तिकडून मद्य आणि तेलाचे रांजण आले. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1954 ते 56 मध्ये ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं, तेव्हा रोमन काळातल्या अशा रांजणांची खापरं मिळाली. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवाशाच्या मातीत!

म्हणजे योहान पात्म बेटावर बसून ज्या बाजारावर टीका करत होता, त्या बाजाराचं एक टोक प्रवरेच्या काठावर होतं. हे पुस्तक ‘दुसऱ्यांच्या देशातलं’ वाटत असेल तर हा धागा लक्षात ठेवा.

नगरला हे पुस्तक कसं पोहोचलं

डिसेंबर 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं सुरू केलं. ग्रेव्ह्ज, हर्वी आणि हॉलिस रीड हे त्यातले सुरुवातीचे लोक. हर्वी पुढच्याच वर्षी इथे कॉलऱ्याने गेले. 1842 मध्ये इथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झालं.

ही माणसं प्रकटीकरण कसं वाचत होती? त्यातल्या हजार वर्षांच्या सुवर्णकाळावर त्या पिढीच्या अनेक अमेरिकन मिशनऱ्यांची भिस्त होती. जगभर धर्मप्रसार झाला की तो काळ येईल असं त्यांना वाटे. हॉलिस रीड यांनी अमेरिकेत परतल्यावर 1861 मध्ये जगावर येणाऱ्या महासंकटावर आणि त्यानंतरच्या सुवर्णयुगावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्या देशात यादवी युद्ध सुरू झालं.

तारीख काढणारेही होतेच. विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी दानिएलाच्या आकड्यांवरून 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस नक्की केला. काहींनी उभं पीक कापलंच नाही. दिवस उजाडला, मावळला, काहीही झालं नाही. अमेरिकेच्या इतिहासात त्याला ‘महानिराशा’ असंच नाव पडलं. फॉरवर्ड हलकेच घ्यायचा की नाही, याचं उत्तर त्या न कापलेल्या पिकात आहे.

याउलट, दुष्काळ जवळून पाहिलेल्यांनी काय केलं? 1899-1900 च्या दुष्काळात नगरच्या मिशनचे रॉबर्ट ह्यूम मदतकार्यात उतरले, पुढे सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळी भागांतून मुली आणि बायका आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सांभाळल्या. (हे दौंडजवळचं केडगाव बरं का, आपल्या नगरचं नाही.) रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बाईला कळेल अशा मराठीत. छापखान्यात काम करणाऱ्याही तिथल्याच बायका. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक त्यानंतर बाहेर आलं. विचार करा, तराजूवाल्या स्वाराच्या पानाचे खिळे जुळवणाऱ्या हातांनी दुष्काळ सोसलेला असू शकतो. त्यांना त्या चित्राचा अर्थ समजावून सांगायची गरज पडली असेल का?

सिंह ऐकला, कोकरू दिसलं

शेवटचं एक चित्र. पाचव्या अध्यायात प्रश्न येतो, ही गुंडाळी उघडायला लायक कोण? योहानाला सांगितलं जातं की सिंह आला आहे. तो वळून बघतो, तर समोर कोकरा, तोही वध झालेला. आपल्याकडे माळावर धनगरांचे वाडे बसलेले तुम्ही पाहिले असतील. कोकरू किती ताकदीचं असतं ते वेगळं सांगायला नको. पुस्तकाचा गाभा त्या वळून बघण्यात आहे. साम्राज्य श्वापदासारखं जिंकतं, मारून. योहानाच्या म्हणण्याप्रमाणे खरा विजय सोसणाऱ्याचा आहे. एकोणिसाव्या अध्यायातल्या पांढऱ्या घोड्यावरच्या स्वाराचीही तलवार हातात नाही, तोंडातून निघते. म्हणजे शब्द हेच शस्त्र. आणि शेवटच्या पानांवर जग जळून संपत नाही. एक शहर वरून खाली येतं, ज्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी ही चित्रं समोर आली तर तीन प्रश्न विचारा. हे पहिल्यांदा कोणाला लिहिलं होतं? यात सत्ता कोणाची आणि भूक कोणाची? आणि हे मला घाबरवून गप्प बसवतंय, की डोळे उघडायला लावतंय? घाबरवून कोणी तारीख सांगत असेल तर 1844 आठवा. पण कोणी मजुरी आणि धान्याचा भाव शेजारी शेजारी मांडून दाखवत असेल, तर जरा थांबून ऐका. पात्म बेटावरचा माणूस तेच करत होता.

तुमच्या घरी 1972 च्या दुष्काळाची आठवण सांगणारं कोणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. तेव्हा दिवसाची मजुरी किती होती आणि तेवढ्यात काय काय येत होतं, हे नक्की विचारा. त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर काळजी घ्या, वाचत राहा, ऐकत राहा. भेटू पुढच्या भागात!